सरासरीच्या भरवशावर

दिवाळी उलटते, आणि कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बंगळुरूच्या बसवनगुडीत बुल टेम्पल रोडच्या दोन्ही बाजूंना भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागतात. कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या. दोन दाण्यांच्या, तीन दाण्यांच्या. आसपासच्या तालुक्यांतून, शिवाय आंध्र आणि तामिळनाडूतूनही शेतकरी आणि व्यापारी माल घेऊन येतात. ही ‘कडलेकाई परिषे’, शेंगांची जत्रा. पूर्वी इथे भुईमुगाची शेतं होती, एक बैल रोज रात्री पीक फस्त करायचा, मग शेतकऱ्यांनी त्यालाच देव मानून पहिलं पीक वाहण्याचा नवस बोलला, अशी आख्यायिका आहे. बंगळुरू वसवणाऱ्या पहिल्या केंपेगौडाने सोळाव्या शतकात हे देऊळ बांधल्याचं सांगतात. एकाच दगडातून घडवलेला प्रचंड नंदी तिथे आहे, आणि पहिल्या शेंगा आजही त्याच्यापुढे ठेवल्या जातात.

भुईमूग हे पावसाची वेळ शिकवणारं पीक आहे. फुलं येऊन गेली की त्याच्या आऱ्या जमिनीत उतरतात आणि शेंग मातीच्या आत धरते. त्या दिवसांत जमिनीत ओल नसेल तर आऱ्या वरच वाळतात. मग नंतर कितीही पाऊस पडो, गेलेली शेंग परत येत नाही. उलट काढणीच्या वेळी पाऊस लागून राहिला तर भरलेल्या दाण्याला जमिनीतच मोड फुटतात. वर्षाअखेरीस पर्जन्यमापकाची बेरीज अगदी सरासरीइतकी भरते आणि तरी शेतकऱ्याचं पोतं रिकामं राहतं. कोरडवाहू शेतकऱ्याला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शहरांना ते अजून उमगायचं आहे.

बंगळुरू हे सव्वा कोटीहून अधिक वस्तीचं शहर पावसाच्या सरासरीवर विसंबून उभं राहिलं, आणि आता ती सरासरीच मोडते आहे. हवामानबदलाने पाणी संपेल, अशी भीती आपल्याला घातली जाते. मला त्याहून जवळचा धोका दिसतो तो भरवसा संपण्याचा. पाणी कधी येईल, किती येईल, हे सांगता येईनासं झालं की त्याची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. ज्यांच्या घरात पक्का नळ आहे ते तगतात आणि ज्यांच्याकडे तो नाही ते टँकरमागे धावतात. म्हणून हवामानबदलाला द्यायच्या उत्तराची सुरुवात बसवनगुडीसारख्या जुन्या, सुस्थित, नळाच्या वस्त्यांनी करायला हवी, असं मला मनापासून वाटतं. त्याची कारणं इथे मांडतो.

पूर आणि तहान, दीड वर्षाच्या अंतरात

बंगळुरूत वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या जरा आत पाऊस पडतो. 2022 मध्ये तो 1957 मिलिमीटर पडला. आजवरच्या नोंदींतला हा उच्चांक होता. 5 सप्टेंबरला चोवीस तासांत 131.6 मिलिमीटर कोसळला, आयटी कंपन्यांचा आउटर रिंग रोड बुडाला, आणि बंगल्यांच्या आलिशान वसाहतींतून माणसांना बोटींनी आणि ट्रॅक्टरांनी बाहेर काढावं लागलं.

पुढच्याच वर्षी एल निनो आला. 2023 चा ऑगस्ट हा 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. कर्नाटकाने 236 पैकी 223 तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले. मार्च 2024 मध्ये बंगळुरूतल्या सुमारे 13,900 सरकारी बोअरवेलपैकी 6,900 आटल्याचं सरकारनेच सांगितलं. शहराची रोजची गरज 260 कोटी लिटर. कावेरीतून येत होते 145 कोटी, बोअरमधून 65 कोटी, आणि उरलेल्या 50 कोटींची तूट. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली किंवा बाग शिंपली तर पाच हजार रुपये दंड लागू झाला. टँकरचे दर सरकारला बांधून द्यावे लागले. 28 एप्रिलला पारा 38.5 अंशांवर गेला. थंड हवेचं शहर अशी ख्याती असलेल्या बंगळुरूला हा आकडा हादरवणारा होता. आणि मग 2 जूनला एका दिवसात 111 मिलिमीटर पाऊस झाला. जून महिन्यातल्या एका दिवसाच्या पावसाचा सव्वाशे वर्षांहून जुना विक्रम त्या दिवशी मोडला. ऑक्टोबरमध्ये येलहंक्यात पुन्हा घरांत पाणी शिरलं.

एखाद्या वर्षाचा पूर किंवा दुष्काळ हवामानबदलाच्या नावावर सरसकट लिहिता येत नाही. 2022 मध्ये ला निना होती, 2023 मध्ये एल निनो. हे झोके समुद्र पूर्वीही घेत होता. बदललं आहे ते त्या झोक्यांखालचं तापमान. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. म्हणजे पाऊस नसलेल्या दिवसांत ती जमिनीतून आणि तलावांतून जास्त ओलावा शोषते, आणि पाऊस येतो तेव्हा तो जास्त जोराने ओतते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं की, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतातल्या विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तापत चाललेला अरबी समुद्र त्यामागे आहे. एकूण मोसमी पाऊस वाढलेला नसतानाही हे घडलं. त्याच बेरजेतले मुसळधार दिवस वाढले, त्यांच्यामधली कोरडी अंतरं लांबली.

पाणीपुरवठ्याच्या दृष्टीने ही वाटणी जीवघेणी आहे. झिमझिम पडणारा दहा दिवसांचा पाऊस जमिनीत मुरतो. तेवढंच पाणी तीन तासांत कोसळलं की गटारातून वाहून जातं. जमीन तहानलेलीच राहते आणि खालच्या वस्तीत पूर येतो.

740 टीएमसीचा निवाडा

सरासरी मोडते म्हणजे काय, हे कावेरीच्या तंट्याइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही.

कावेरी लवादाने 2007 च्या निवाड्यात नदीचं एकूण पाणी 740 टीएमसी (अब्ज घनफूट) धरलं. तामिळनाडूला 419, कर्नाटकाला 270, केरळला 30, पुदुच्चेरीला 7, आणि उरलेलं पर्यावरणासाठी व समुद्रात जाणारं. हा 740 चा आकडा पन्नास टक्के भरवशाचा आहे. साधा अर्थ असा की, दर दोन वर्षांतल्या एका वर्षी एवढं पाणी नदीत नसणार, हे गृहीतच आहे. आपल्या कृष्णेसाठी बच्छावत लवादाने 75 टक्के भरवशाचे 2060 टीएमसी धरले होते. कावेरीत जोखीम अधिक घेतली गेली. आणि तुटीच्या वर्षी तूट कशी वाटायची? त्याच प्रमाणात कमी करावी, एवढंच ढोबळ उत्तर निवाड्यात आहे. कोणत्या महिन्यात, कोणाच्या मोजणीनुसार, कोणाच्या कोणत्या पिकाला आधी, याचा सर्वमान्य नियम नाही. त्यामुळे चांगल्या पावसाच्या वर्षी हा तंटा झोपतो आणि कोरड्या वर्षी रस्त्यावर येतो. सप्टेंबर 2016 मध्ये बंगळुरूत बसगाड्या जळाल्या. सप्टेंबर 2023 मध्ये एकाच आठवड्यात आधी शहर बंद झालं आणि मग राज्य.

गेल्या शतकातली सगळी धरणं, कालवे आणि करार एका विश्वासावर उभे आहेत. मागच्या पन्नास-शंभर वर्षांच्या नोंदी पाहिल्या की पुढच्या शंभर वर्षांचा अंदाज येतो, हा तो विश्वास. 2008 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पी. सी. डी. मिली आणि अन्य जलशास्त्रज्ञांनी हे गृहीतक मेलं असल्याचं जाहीर करून टाकलं. भूतकाळ हा भविष्याचा जामीन राहिलेला नाही, हे त्यांच्या म्हणण्याचं सार. कावेरीवरच्या कृष्णराजसागराकडे पाहिलं तरी ते पटतं. 2023 मध्ये हे धरण भरलंच नाही. 2025 मध्ये ते जून महिन्यातच काठोकाठ भरलं, असं त्याच्या इतिहासात पूर्वी झालेलं नव्हतं. या दोन वर्षांची सरासरी काढली तर आकडा ठीकठाक दिसेल. पण त्या आकड्याइतकं पाणी दोन्हींपैकी एकाही वर्षी नव्हतं.

आभाळावर किती ढकलायचं?

इथे एक पथ्य पाळायला हवं. सगळा दोष आभाळाच्या माथी मारणं सोयीचं असतं आणि म्हणूनच धोक्याचं.

बंगळुरूला नळाचं पाणी पहिल्यांदा अर्कावती नदीने दिलं. म्हैसूरचे दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या काळात 1894 मध्ये हेसरघट्टा तलावाची योजना झाली. शहर वाढलं, तलाव आटू लागला, तेव्हा 1933 मध्ये अर्कावती आणि कुमुद्वतीच्या संगमावर तिप्पगोंडनहळ्ळीचं धरण आलं. मग तेही आटत गेलं. ही नदी का सुकली, याचा शोध बंगळुरूतल्याच ‘एट्री’ या संशोधन संस्थेच्या वीणा श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी घेतला आणि 2015 मध्ये निष्कर्ष मांडले. पाऊस कमी झाला का, उष्णता वाढली का, हे त्यांनी आधी तपासलं. धरणात येणारं पाणी ज्या प्रमाणात घटलं, त्याचा खुलासा या दोन्हींनी होत नव्हता. मुख्य संशयित ठरले ते बेसुमार भूजल उपसा आणि पाणलोटात लावलेली निलगिरीची वनं. ओढ्यांवर जागोजागी घातलेल्या अडथळ्यांचाही थोडा हातभार होता.

म्हणजे हवामानबदलाचा तडाखा पूर्ण जोमाने बसण्याआधीच आपण एक आख्खी नदी हाताने सुकवली होती. शहराच्या आतही तेच झालं. भारतीय विज्ञान संस्थेतले टी. व्ही. रामचंद्र यांच्या अभ्यासानुसार 1973 नंतरच्या चार-साडेचार दशकांत बंगळुरूतले पाणवठे 79 टक्क्यांनी आणि हिरवं आच्छादन 88 टक्क्यांनी घटलं. हवामानबदल नव्या जखमा करतोच, पण जुन्या जखमांवर तो अधिक खोल घाव घालतो. ज्या जमिनीने पाणी मुरवणं सोडून दिलं आहे तिच्यावर अतिवृष्टी झाली तर पूर येतो आणि पाऊस दडला तर तहान. निरोगी पाणलोटाने हे दोन्ही धक्के बऱ्याच अंशी सोसले असते.

तलावांची माळ

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर, दोन खोऱ्यांच्या मधल्या वरंब्यावर वसलं आहे. शहराच्या पोटातून एकही मोठी नदी वाहत नाही. बसवनगुडीतला ब्यूगल रॉक आणि पलीकडचा लालबागेचा खडक हा सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा ग्नाइस आहे. या परिसराच्या पश्चिमेला पडलेलं पाणी वृषभावतीत जातं, तिथून अर्कावतीत आणि पुढे कावेरीत. लालबागेच्या पूर्वेचं पाणी कोरमंगल-चल्लघट्टा खोऱ्यातून बेळंदूर तलावाकडे, आणि तिथून दक्षिण पिनाकिनीत. वृषभावती तर बुल टेम्पलच्या नंदीच्या पायांशी उगम पावते, अशी श्रद्धा आहे. तिच्या नावातच बैल आहे.

अशा वरंब्यावर शहर वसवणाऱ्यांनी दूरच्या नदीचा विचार केला नाही. त्यांनी उतारावर तलाव बांधले. एक भरला की सांडव्याचं पाणी कालव्याने खालच्या तलावात. या कालव्यांना इथे राजकालुवे म्हणतात. गवीपुराखालचा केंपांबुधी, आजच्या मॅजेस्टिक बसस्थानकाच्या जागी असलेला धर्मांबुधी, कंठीरव स्टेडियमखाली गेलेला संपंगी, अशी ही माळ. 1638 च्या सुमारास विजापूरच्या फौजेसोबत शहाजीराजे इथे आले आणि बंगळुरू त्यांची जहागीर झाली, तेव्हा हे शहर याच तलावांवर जगत होतं. मराठी माणसाचं या गावाशी नातं तेव्हापासूनचं. गवीपुरात गोसाई मठ आहे, आणि मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळात शहाजीपुत्र व्यंकोजींच्या काळचा 1669 चा शिलालेख.

या व्यवस्थेला सुवर्णयुग ठरवण्याची माझी इच्छा नाही. तलावाचा गाळ कोण काढायचं आणि पाणी आधी कोणाच्या शेतात जायचं, हे जात ठरवत होती. तलाव भरण्याची हमी तेव्हाही नव्हती. पण त्या व्यवस्थेला एक गोष्ट पक्की माहीत होती, ती म्हणजे पाऊस लहरी आहे. म्हणून तो पडेल तिथे, पडेल तेव्हा धरायचा. लहरी पावसाला दिलेलं ते उत्तर होतं. नळ आला, दूरच्या धरणाचं पाणी चोवीस तास मिळेल असं वाटू लागलं, आणि तलावांची किंमत फक्त जमिनीपुरती उरली. बसवनगुडीतला कारंजी तलाव आता कारंजी आंजनेयाच्या देवळाच्या नावापुरता राहिला आहे.

पक्क्या नळाचं देणं

बसवनगुडीची आखीव वस्ती 1898 च्या प्लेगनंतर उभी राहिली. मोकळी हवा, रुंद रस्ते, झाडं, घरामागे विहीर. आरोग्याच्या विचारातून जन्मलेली ही पेठ पुढे कन्नड साहित्य-विचाराचं माहेरघर झाली. 1974 मध्ये कावेरीचं पाणी शहरात पोचलं, ते आधी अशाच जुन्या पेठांना मिळालं.

2024 च्या टंचाईत हा फरक उघडा पडला. जुन्या बंगळुरूतल्या कावेरीच्या नळांना पाणी येत राहिलं. थोडं कमी दाबाने, थोड्या कमी वेळा, पण येत राहिलं. हाल झाले ते बाहेरच्या कड्यावर. 2007 मध्ये महापालिकेत सामील केलेल्या 110 गावांत इमारती उभ्या राहिल्या, करही भरले गेले, पण कावेरीची वाहिनी पोचली नव्हती. तिथला सगळा संसार बोअर आणि टँकरवर. बोअर आटले तेव्हा टँकरही महागले, कारण त्यांचं पाणीही बोअरचंच. घरकाम करणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या, भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या माणसांनी कॅन घेऊन रांगा लावल्या. या गावांसाठीचा कावेरीचा पाचवा टप्पा, रोज 77.5 कोटी लिटरचा, ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला. तो गरजेचाच होता. पण त्याने अवलंबून राहणाऱ्यांची संख्या वाढली. नदी तीच, आणि तिचं लहरीपणही तेच.

बसवनगुडीच्या नळाला येणारं पाणी जवळपास शंभर किलोमीटरवरून येतं आणि वाटेत तीन ठिकाणी पंपाने मिळून सुमारे पाचशे मीटर वर चढवलं जातं. हजार लिटर पाणी एवढं उचलायला भौतिकशास्त्राच्या हिशेबानेच किमान 1.4 युनिट वीज लागते, पंपांतला अपव्यय वेगळा. ती वीज कोळशावरची असेल तर हे पाणीच उद्याच्या उष्णतेत भर घालतं. कावेरीच्या खोऱ्यात बंगळुरूचा एक तृतीयांशच भाग येतो, असं लवादाने धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 16 फेब्रुवारी 2018 रोजी सगळ्या शहराची तहान विचारात घेऊन कर्नाटकाला 14.75 टीएमसी वाढवून दिले, त्यातले 4.75 बंगळुरूसाठी. ते तामिळनाडूच्या वाट्यातून आले. नळ उघडला की मंड्यातल्या भातशेतकऱ्याचं आणि तंजावरच्या शेतकऱ्याचंही पाणी आपल्या बादलीत पडतं, याची आठवण ठेवायलाच हवी.

आणि वापरलेलं पाणी जातं कुठे? देवाच्या पायांशी जिचा उगम मानतात त्या वृषभावतीत. आज ती शहराचा मैला आणि कारखान्यांचं सांडपाणी घेऊन बिडदीजवळच्या बैरमंगल तलावात जाते आणि त्याच पाण्यावर तिथे शेती होते. वरच्या वस्तीने स्वच्छ पाणी घ्यायचं आणि खालच्या गावाने तिचं सांडपाणी शेतात घ्यायचं, ही वाटणी कोणत्याही करारात लिहिलेली नाही, पण ती रोज अमलात येते.

छपरावरचे सत्तर हजार लिटर

मग करायचं काय? काही उत्तरं या शहराने स्वतःच शोधली आहेत.

शंभर चौरस मीटरच्या छपरावर बंगळुरूचा वर्षाचा पाऊस पडला तर साधारण 97 हजार लिटर होतात. वाया जाणारं पाणी वजा केलं तरी 70-75 हजार लिटर हाती येतील. माणशी रोज 135 लिटर धरले तर चौघांच्या कुटुंबाला साडेचार महिने पुरेल इतकं हे पाणी. शिवाय बंगळुरूला निसर्गाने एक देणगी दिली आहे. पुण्या-नाशिकसारखा इथला पाऊस चार महिन्यांत आटोपत नाही. एप्रिल-मेच्या वळवापासून नैर्ऋत्य मोसमी पावसातून ईशान्य मोसमी पावसापर्यंत तो सात-आठ महिन्यांत विखुरलेला असतो. त्यामुळे लहान टाकीही वर्षात अनेकदा भरते, रिकामी होते, पुन्हा भरते. कर्नाटकाच्या विज्ञान-तंत्रज्ञान परिषदेत काम केलेले ए. आर. शिवकुमार यांनी विजयनगरातलं आपलं घर नव्वदच्या दशकापासून पावसाच्या पाण्यावर चालवून दाखवलं. 2009 च्या कायदा-दुरुस्तीने 2400 चौरस फुटांच्या जुन्या आणि 1200 चौरस फुटांच्या नव्या भूखंडांवर पर्जन्यजल संचय सक्तीचा झाला. बसवनगुडीशेजारच्या जयनगरात, विश्वेश्वरय्यांच्या नावाने, हे तंत्र समजावणारं उद्यानही आहे.

दुसरं उत्तर जमिनीखालचं. जलतज्ज्ञ एस. विश्वनाथ आणि ‘बायोम’ संस्थेने दहा लाख पुनर्भरण विहिरींची मोहीम हाती घेतली. तीन फूट व्यासाची, वीस-तीस फूट खोल, सिमेंटच्या कड्यांची विहीर. छपराचं आणि अंगणाचं पाणी तिच्यात सोडायचं. ग्नाइसच्या वर कुजलेल्या खडकाचा जो मऊ थर असतो त्यात हे पाणी मुरतं. या विहिरी खणतात ते मण्णु वड्डर, म्हणजे आपल्याकडचे मातीवडार. पिढ्यान्‌पिढ्या विहिरी आणि तलाव खणलेल्या या समाजाला बोअरच्या यंत्रांनी बेकार केलं होतं. माती कुठे पाणी पिते, कुठे ढासळते, हे त्यांच्या हातांना कळतं. कब्बन पार्कातल्या जुन्या विहिरी याच हातांनी पुन्हा जिवंत केल्या.

तिसरं उत्तर सांडपाण्याचं. 2018 पासून बंगळुरूचं प्रक्रिया केलेलं पाणी कोलार जिल्ह्यातल्या कोरड्या तलावांत सोडलं जातं. प्रक्रिया पुरेशी आहे का, याबद्दल रास्त शंका आहेत आणि शेतकऱ्यांच्या आरोग्यासाठी त्यांचं निरसन व्हायलाच हवं. पण दिशा योग्य आहे. पाऊस फसला तरी शहराचं सांडपाणी थांबत नाही. लहरी आभाळाखाली हा एकच स्रोत भरवशाचा आहे.

यांतलं काहीही एकट्याने पुरेसं नाही. छपराचं पाणी कावेरीची जागा घेणार नाही. लागोपाठ दोन कोरडी वर्षं आली तर उथळ विहिरीही आटतील. पण दहा लाख घरांनी वर्षातले तीन-चार महिने नळाला हात लावला नाही, तर ते पाणी कड्यावरच्या वस्तीपर्यंत पोचू शकतं. बसवनगुडीतल्या विहिरीत मुरलेलं पाणी बसवनगुडीत थांबणार नाही. ते खडकाच्या उताराने खाली, दुसऱ्या कुणाच्या विहिरीकडे सरकेल. मला हीच या कामाची थोरवी वाटते. स्वतःची सोय बघणारा टँकर मागवतो. पुनर्भरणाची विहीर खणणारा मात्र शेजाऱ्यासाठी पाणी पेरतो.

कोरड्या वर्षाचा नियम

तंत्रापेक्षा अवघड आहे ते वाटपाचं. या बाबतीत महाराष्ट्राकडे जुनं शहाणपण आहे आणि ताजे धडेही.

खानदेशात पांझरेवर फड पद्धत होती. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली, एका फडात एकच पीक, आणि शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली. ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी कोणते फड भिजवायचे हे सगळे मिळून ठरवायचे. तूट आली तर ती सगळ्यांच्या वाट्याला यायची. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले आणि मुंबई इलाख्यात काम करत असताना त्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत सुचवली. थोड्यांच्या उसाला सगळं पाणी न देता ते जास्त गावांत, पिकांच्या फेरपालटीने फिरवावं, हा तिचा गाभा. पुढे हेच गृहस्थ म्हैसूरला गेले आणि कृष्णराजसागर उभं राहिलं. त्यांच्या नावाने धरणं आपल्याला आठवतात. वाटणीचा विचार आपण विसरलो.

विसरल्याची किंमत आपण लातूरला मोजली. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. चेन्नईने 2015 च्या डिसेंबरात महापूर पाहिला आणि 2019 च्या उन्हाळ्यात चारही जलाशय कोरडे. केप टाउनला 2018 मध्ये माणशी 50 लिटरची मर्यादा घालावी लागली. पण त्यातल्या एका गोष्टीची नोंद घ्यायला हवी. मर्यादा श्रीमंत वस्त्यांनाही लागू होती, आणि शहराचा पाणीवापर खरोखर घटला म्हणून नळ बंद पडण्याची वेळ टळली.

म्हणून माझा आग्रह असा की, कोरड्या वर्षाचा नियम ओल्या वर्षी लिहून ठेवायला हवा. धरण काठोकाठ भरलेलं असताना, माथी थंड असताना. साठा अमुक पातळीखाली गेला की प्रत्येक वॉर्डाला माणशी किती पाणी, कोणाचं आधी कापायचं, जलतरण तलाव आणि हिरवळी केव्हा बंद, कड्यावरच्या वस्त्यांना सरकारी टँकर कोणत्या दराने, हे आधी ठरलेलं आणि जाहीर असायला हवं. जुन्या पेठेचा नळ आणि नव्या वस्तीचा टँकर एकाच हिशेबवहीत यायला हवेत. राज्याराज्यांत जे 740 टीएमसीच्या निवाड्यात राहून गेलं, ते निदान एका शहराच्या आत तरी करता येईल. पुण्याला हे आज करता येईल, छत्रपती संभाजीनगरला करता येईल, सोलापूरला करता येईल.

बुल टेम्पल रोडवर, नरसिंहराज कॉलनीत, एक संस्था आहे, गोखले सार्वजनिक विचार संस्था. कन्नड विचारवंत डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती 1945 मध्ये स्थापन केली आणि तिला नाव दिलं गोपाळ कृष्ण गोखल्यांचं. कोतळूकला जन्मलेल्या, पुण्यात घडलेल्या एका मराठी माणसाचं नाव बसवनगुडीच्या एका कन्नड विचारवंताने आपल्या संस्थेला द्यावं, यामागे एक भूमिका होती. सार्वजनिक प्रश्न ही फक्त सरकारची जबाबदारी नाही, शिकल्या-सवरल्या, स्थिरावलेल्या नागरिकाने तो अभ्यासून, आकडे हाती घेऊन आपला मानायचा असतो. पाण्याचा प्रश्न आज नेमका तसाच उभा आहे. ज्यांच्या नळाला पाणी येतं त्यांच्याकडे छप्पर आहे, अंगण आहे, वेळ आहे आणि नगरसेवकाला जाब विचारण्याची ताकद आहे. ज्यांच्याकडे पाणी नाही, त्यांची सगळी ताकद पाणी मिळवण्यातच संपते. हवामान आणखी बिघडणार, हे आता टळणारं नाही. बिघडलेल्या हवामानात आपण शेजारी म्हणून राहणार की गिऱ्हाईक म्हणून, हे मात्र आपल्या हातात आहे. ते येत्या दुष्काळाआधी, चांगल्या पावसाच्या वर्षातच ठरवावं लागेल.